दिवाळीतला रिपोर्ट

आषाढातल्या एका सोमवारी सकाळी साडेसहा वाजता लातूरच्या बसस्थानकावर माझे पती दिगंबर बॅग उचलायला वाकले आणि त्यांना परत उभं राहता आलं नाही. बॅगेत दोन शर्ट, जेवणाचा डबा आणि एक पुस्तक होतं. नांदेडची गाडी लागली होती. ती त्यांना न घेता गेली. गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेत होणारा रक्ताचा कर्करोग.

त्यानंतर ते दोन वर्षं आणि तीन महिने होते. त्यांना जाऊन आता वर्ष झालं.

हा आजार कशाने होतो, त्यावर कोणती औषधं चालतात, हे मी लिहिणार नाही. ते मला नीट माहीत नाही. मी लिहिते आहे ते आजार कळण्याआधीच्या आठ महिन्यांबद्दल, आणि त्या आठ महिन्यांचा दोष मी दोन वर्षं कुणावर ठेवला त्याबद्दल. कुणाच्या घरी आत्ता असे महिने चालू असतील तर त्यांच्या उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे.

दोन गावं, दोन डॉक्टर

मी लातूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. दिगंबर भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. शेतं मोजायची, हद्दी कायम करून द्यायच्या, हे त्यांचं काम. त्यांची नोकरी नांदेड जिल्ह्यातच फिरत राहिली, शेवटची वर्षं नायगावला. नांदेडात एक खोली भाड्याने घेतली होती. शनिवारी संध्याकाळी ते लातूरला यायचे आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत जायचे. आमची मुलगी मेघा शनिवारची वाट बघतच मोठी झाली.

या व्यवस्थेत आमच्या घराला दोन फॅमिली डॉक्टर झाले. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आठवड्यातले पाच दिवस आजारी पडलं तर नांदेड, दोन दिवस पडलं तर लातूर.

नांदेडचे डॉक्टर तेव्हाच सत्तरीच्या पुढचे होते. एका खोलीचा दवाखाना. प्रत्येक पेशंटचं पोस्टकार्डाएवढं एक कार्ड, आणि ती सगळी कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत लावलेली. ते जीभ बघायचे, खालची पापणी ओढून बघायचे, पोट दाबायचे, झोप कशी आहे विचारायचे. रक्त तपासायला क्वचितच सांगायचे. कुणी स्वतःहून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, एकदा रक्त तपासू का?" तर म्हणायचे, "रक्ताला काय विचारायचंय ते आधी ठरू द्या, मग विचारू."

लातूरच्या आमच्या डॉक्टरबाई चाळिशीच्या. हुशार, चटपटीत, वेळ पाळणाऱ्या. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता, त्यावर तपासण्यांच्या नावांपुढे चौकोन. त्या सगळ्या चौकोनांत खुणा करायच्या. "एकदा सगळंच बघून टाकू ना मॅडम, परत परत सुई नको." दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं लातूरला एकत्र असायचो, म्हणून दरवर्षी दिवाळीत आमचं सगळं रक्त तपासून व्हायचं. आठ पानांचा रिपोर्ट यायचा. जो आकडा मर्यादेच्या बाहेर असेल त्याच्यापुढे एक तारा छापलेला असायचा.

या दोन पद्धतींवरून घरात चेष्टा चालायची. दिगंबरचे धाकटे भाऊ गंगाधर नायगावजवळच्या गावी शेती करतात. ते एका दिवाळीत फराळ करता करता म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या डॉक्टरीणबाईकडं माणूस धडधाकट जातंय अन् आठ पानांचा आजार घिऊन येतंय."

"अन् तुझ्या नांदेडच्या डॉक्टरकडं?" दिगंबरनी विचारलं.

"तिथं आजार घिऊन जातंय अन् गोळी घिऊन येतंय. सरळ काम हाय."

मी लातूरच्या बाजूची होते. छापलेल्या कागदावर माझा आयुष्यभर विश्वास होता. घरातल्या प्रत्येकाच्या रिपोर्टची मी वेगळी फाइल केली होती. कागद पंच करायचा, त्याला क्रमांक द्यायचा, पहिल्या पानावरच्या अनुक्रमणिकेत नोंद करायची. पाहुणे आले तर मेघा ती फाइल दाखवून हसायची. "आईने बाबांचं कॅटलॉगिंग केलंय."

दिवाळी

त्या वर्षीचा रिपोर्ट भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला. आम्ही दोघं तो घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी पानं भराभर उलटली, बोट एका ठिकाणी थांबवलं.

"साखर काठावर आहे सर. भात कमी करा, चालत जा."

"चालणं तर माझ्या नोकरीतच आहे," दिगंबर म्हणाले.

"बाकी?" मी विचारलं.

"बाकी किरकोळ आहे. हे तारे मशीन टाकतं मॅडम. माझ्या स्वतःच्या रिपोर्टला नऊ आहेत."

आम्ही तिघंही हसलो. घरी येऊन मी कागद पंच केले, क्रमांक घातला आणि अनुक्रमणिकेत लिहिलं, "दिवाळी. सर्वसाधारण तपासणी. ठीक."

पाठ

संक्रांतीनंतर त्यांची पाठ दुखायला लागली. "पाठीत लई भरून यायलंय," ते म्हणायचे. दिवसभर रानातून चालणं, यंत्र खांद्यावर, आठवड्याला दोनदा बसचा प्रवास. पाठ दुखण्याला कारणं पुष्कळ होती. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग कमरेचा पट्टा दिला. फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख गेला.

ते थकायला लागले होते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचा सूचनाफलक आहे. तिथे ते थांबायचे आणि फलक वाचायचे. त्यावर पाण्याच्या टाकीची एकच जुनी सूचना महिनोन्‌महिने होती. ती ते दर शनिवारी वाचत होते. मी मागून पिशव्या घेऊन यायची आणि म्हणायची, "पाठ झाली असेल आता, चला."

मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

गुरुवार

पाठीचा एक मणका दबला होता. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघितला आणि लगेच रक्त काढायला लावलं. चार दिवसांत किती वेळा काढलं ते मी मोजलं नाही. गुरुवारी दुपारी आम्हाला कर्करोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. हळू आवाजाचे गृहस्थ. दिगंबर चाकाच्या खुर्चीत होते, मी आणि मेघा बाजूला. ती पुण्याहून आली होती. डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीमागे हाडाचं चित्र काढून समजावलं.

दिगंबरनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, किती क्षेत्र बाधित आहे?"

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग त्यांनी केसपेपरवरचा व्यवसाय बघितला. ते म्हणाले, "बरंच आहे. पण ताबा लगेच जात नाही."

दिगंबरनी मान हलवली. माणसाने आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं, एवढ्याने किती आधार वाटतो ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "याआधी रक्त कधी तपासलं होतं?"

मी म्हणाले, "दिवाळीत. सगळं नॉर्मल होतं. त्यानंतर पाठ दुखायला लागली, पण नांदेडच्या डॉक्टरांनी सहा महिने रक्त तपासलंच नाही."

"असो. आता सगळं नव्याने करावं लागेल," ते म्हणाले. जुना रिपोर्ट त्यांनी मागितला नाही. मागितला असता तर मी अर्ध्या तासात फाइल आणून दिली असती.

पण ते माझं वाक्य तिथे तयार झालं. पुढे दोन वर्षं मी ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. शेजारणींना, सहकाऱ्यांना, फोनवर मावशीला. इतक्या वेळा सांगितलं की त्यातले शब्दही बदलेनासे झाले.

दर गुरुवारी

उपचार लातूरलाच झाले. दर गुरुवारी सकाळी रक्त, मग रिपोर्टची वाट, मग पोटावर इंजेक्शन, मग घरी. पहिले दोन महिने मला प्रत्येक गुरुवारची भीती वाटायची. पुढे गुरुवार चुकला तर भीती वाटायला लागली.

रक्त काढायला शाहीन नावाची मुलगी असायची. दिगंबरच्या शिरा लवकर सापडायच्या नाहीत. ती आधी आपले दोन्ही हात एकमेकांवर घासून गरम करायची, मग त्यांचा हात हातात घ्यायची. "चाचा, मुठ्ठी बंद करो. उधर देखो नको, मेरेकू देखो. बस, हो गया." तिच्या हातून दुसऱ्यांदा टोचायची वेळ कधी आली नाही. ती रजेवर असली की दिगंबर दिवसभर उदास असायचे.

शेजारच्या खाटेवर औशाचे एक निवृत्त गुरुजी यायचे, त्याच आजाराचे, आमच्याआधी वर्षभर. त्यांची बायको दर वेळी ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी जास्तीची आणायची. गुरुजींना दिगंबरचं काम कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी तक्रार केली.

"भूमापक साहेब, यांनी आपली मोजणी तर लावली, पण शेजारच्या खातेदाराला नोटीस काढली न्हाई."

"शेजारी कोण तुमचा?"

"ही काय," गुरुजींनी बायकोकडे बोट दाखवलं. "तीस वर्षांचा हद्दीचा वाद हाय."

"गप बसा, नळी हलायलीय," त्या म्हणाल्या.

त्या खोलीत आम्ही जितकं हसलो तितकं घरी हसलो नाही. घरी औषधांची वेळ, मीठ किती, पाणी किती, यावरून माझी आणि मेघाची भांडणं व्हायची. तिला बाबांना पुण्याला न्यायचं होतं. दिगंबरना लातूर सोडायचं नव्हतं. तिला वाटायचं मी त्यांना अडवते आहे. एकदा ती स्वयंपाकघरात रडून म्हणाली, "तुम्ही दोघांनी आयुष्यभर दोन गावं केली, आता मी तिसरं सांगितलं तर चालत नाही."  ते बरोबर होतं.

गंगाधर भावोजी सुरुवातीला दर आठवड्याला यायचे. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "नांदेडचे डॉक्टरसाहेब लई हळहळत होते वहिनी. दादाची चौकशी करायले होते."

मी म्हणाले, "हळहळतील नाही तर काय. त्यांनीच मारलं यांना."

 मग पलंगावरून दिगंबर म्हणाले, "शैला, मी अजून मेलेलो नाही."

गंगाधर भावोजी चहा न घेता गेले आणि चार महिने आले नाहीत.

ते गेल्यावर दिगंबर मला म्हणाले, "म्हातारा माणूस आहे. सोडून दे ना."

"का सोडू?"

"सोड गं," एवढंच ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.

पेरू

निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायला आम्ही नांदेडला गेलो, तेव्हा त्यांची तब्येत बरीच सुधारली होती. परत येताना त्यांनी रिक्षा डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे थांबवली. "पाच मिनिटं. येतेस?"

मी आले नाही. रिक्षात बसून राहिले. वीस मिनिटांनी ते बाहेर आले, हातात चार पेरू होते. डॉक्टर त्यांना दारापर्यंत सोडायला आले होते आणि रिक्षाकडे बघत होते. नमस्कार करावा म्हणून त्यांनी हात वर केले असावेत. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिले.

"डॉक्टरांच्या दारातल्या झाडाचे आहेत," दिगंबर म्हणाले. त्यांनी वाटेत एक खाल्ला. मी खाल्ला नाही.

आश्विन

शेवटच्या महिन्यांत मूत्रपिंडं थकली. औषध तिसऱ्यांदा बदललं, त्याचा उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी आम्हाला खोटं काही सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आश्विनातल्या एका बुधवारी दुपारी, घरी, मेघा आणि मी जवळ असताना ते गेले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी सकाळी सहाला उठून त्यांची पिशवी भरायला घेतली आणि मग थांबले.

कार्ड

नांदेडची खोली रिकामी करायची राहिली होती. गंगाधर भावोजी सोबत आले. दोन ट्रंका, एक स्टोव्ह, पुस्तकं. सामान टेम्पोत चढल्यावर ते म्हणाले, "वहिनी, डॉक्टरसाहेबांकडं जाऊन येऊ. दादा गेल्यावर त्यांना भेटून कोणी सांगितलं बी न्हाई."

मी हो म्हटलं. मी दुःखात हो म्हटलं असं भावोजींना वाटलं असेल. मला त्या माणसाला एक प्रश्न समोरासमोर विचारायचा होता.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर उठून उभे राहिले. आम्ही बसलो. मी दोन वर्षांचं वाक्य प्रश्न करून विचारलं. "सहा महिने पाठ दुखत होती. तुम्ही रक्त का तपासलं नाही?"

गंगाधर भावोजींनी मान खाली घातली.  डॉक्टरांनी बिस्किटाचा एक डबा उघडला, कार्ड काढलं आणि मला वाचता यावं असं फिरवून टेबलावर ठेवलं.

त्यांचं अक्षर बारीक आणि स्वच्छ आहे. फाल्गुनातल्या नोंदीत लिहिलं होतं, "पाठ, सहा आठवडे. पापणी फिकी. हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिएटिनिन सांगितले. लातूरला करतो म्हणाले." तीन आठवड्यांनंतरची नोंद, "रिपोर्ट आणला नाही. दिवाळीत सर्व नॉर्मल, मिसेसकडे फाइल आहे म्हणतात. परत सांगितले." त्यानंतर वैशाखात, "तेच. पट्टा दिला."

मी तीनदा वाचलं.

"मी चिठ्ठी लिहून दिली होती," डॉक्टर म्हणाले. "पण चिठ्ठी देऊन थांबलो. मला वाटलं, लातूरला एवढ्या मोठ्या तपासण्या होतात, तिथं काही असतं तर सुटलं नसतं. तो रिपोर्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पट्टा द्यायला नको होता. ही माझी चूक आहे, ताई. मी ती दिगंबररावांना सांगितली होती."

"कधी?"

"ते पेरू घेऊन गेले त्या दिवशी."

तेव्हा मला आठवलं. फाल्गुनातला शनिवार होता, मी जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत होते. ते हात धुऊन येऊन बसले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणायलेत, रक्त बघून घ्या एकदा." मी मान वर न करता म्हणाले होते, "अहो, दिवाळीत तर सगळं झालंय. आठ पानं आहेत. उगीच परत कशाला टोचून घ्यायचं?" आणि ते म्हणाले होते, "हाव, ते बी खरंय."

एवढंच झालं होतं. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. मी ते विसरले होते. ते विसरले नव्हते. मी दोन वर्षं लोकांना माझं वाक्य सांगत होते तेव्हा ते पलंगावर पडून ऐकत होते, आणि एकदाही म्हणाले नाहीत की शैला, चिठ्ठी मिळाली होती, तूच नको म्हणालीस.

मी डॉक्टरांकडे ते कार्ड मागितलं. ते म्हणाले, "कार्ड दवाखान्याचं असतं, ते देता येणार नाही. लिहून घ्या." त्यांनी कोरा कागद आणि पेन दिलं. मी उभ्या उभ्या उतरवून घेतलं. निघताना मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी हात वर केले, तसेच, रिक्षाकडे बघून केले होते तसे.

 परतीच्या प्रवासात, लोहा मागे पडल्यावर, मी भावोजींना सगळं सांगितलं, मेथीपासून. 

"दादाला वाद नकोच असायचा," ते म्हणाले. "दोन भाऊ बांधावर कुऱ्हाडी घिऊन उभे ऱ्हायचे, हा मधी मोजून द्यायचा, खुणा दाखवायचा अन् निघून यायचा. कोण चुकला ते कधी बोलायचा न्हाई."

पान तीन

घरी आल्यावर मी फाइल काढली. दिवाळीचा रिपोर्ट, माझा क्रमांक, माझी पंचची भोकं. दोन वर्षांत मी असे रिपोर्ट शेकडो पाहिले होते, मला ते आता वाचता येत होते. हा एकच मी आजारानंतर कधी उघडला नव्हता, कारण तो नॉर्मल आहे हे मला माहीत होतं.

पान तीनवर हिमोग्लोबिन साडेदहा, म्हणजे कमी, तारा. पान पाचवर रक्तातली एकूण प्रथिनं वाढलेली, तारा, आणि त्यांच्यातल्याच एका प्रकारापुढे खाली आणखी एक तारा. पान सहावर मूत्रपिंडांचं क्रिएटिनिन थोडं जास्त, तारा. एकूण अकरा तारे होते. त्यांतले सात खरंच किरकोळ होते. उरलेले हे चार याच आजाराच्या खुणा होत्या, ते शेजारी शेजारी असते तर कदाचित कुणाच्या तरी डोळ्यांवर आले असते.

आठ पानं मी माझ्या हातांनी सरळ करून लावली होती आणि समोर लिहिलं होतं, ठीक.

मी तो कागद कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवला. मला खरं ते सांगा म्हटलं. ते म्हणाले, "तेव्हा कळलं असतं तर मणका वाचला असता. मूत्रपिंडं जास्त दिवस टिकली असती, असं मला वाटतं. आजार तोच राहिला असता. त्यांना किती दिवस जास्त मिळाले असते हे मी सांगू शकत नाही. कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

मग मी डॉक्टरबाईंकडे गेले. भांडायला गेले नव्हते. तेवढी ताकद उरली नव्हती, आणि हक्कही. त्यांनी पानं उलटली, तिसऱ्यावर थांबल्या, पाचव्यावर थांबल्या. बाहेरून कुणी दार वाजवलं, त्या म्हणाल्या, "थांबा." मग म्हणाल्या, "मी साखर शोधत होते मॅडम. साखर सापडली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर पुढच्या वेळी आले असते तर मी पाठीबद्दल विचारलं असतं. पण पाठ तर नांदेडला दाखवत होते ना."

त्यांचा फॉर्म अजून तोच आहे, चौकोनही तेवढेच. पण आता त्या खूण करण्याआधी विचारतात, काय होतंय. निदान मला तरी विचारतात.

मला लोक विचारतात, मग कोणते डॉक्टर बरे, तपासणी सांगणारे की न सांगणारे? माझ्याकडे याचं उत्तर नाही. एकाने योग्य प्रश्न विचारला आणि उत्तर आणायला लावलं नाही. दुसरीच्या टेबलावर उत्तर पडलं होतं आणि तो प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. दोघांच्या मध्ये कागद नेणारी मी होते, आणि मी तो कपाटात नीट ठेवला. मी आता ओळखीच्यांना एवढंच सांगते की रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, यात तुम्ही काय बघणार आहात. रिपोर्ट आल्यावर विचारा, ते दिसलं का. आणि दुसऱ्या गावचे डॉक्टर असतील तर कागद त्यांच्या हातात द्या. तोंडी निरोप देऊ नका. "नॉर्मल" हा शब्द तर अजिबात नेऊ नका.

ज्यांना मी ते जुनं वाक्य सांगितलं होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा फोन करून खरं सांगितलं. ते दोन महिने चाललं. मेघाला सगळ्यात शेवटी सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "बाबांनी सांगितलं असतं तर तू उपचार चालू असतानाच खचली असतीस. त्यांना गुरुवारी कोणी नेलं असतं?" तिचं म्हणणं खरं असेल. मला विचारायला ते नाहीत.

आता

औशाचे गुरुजी आहेत. त्यांची बायको अजून एक भाकरी जास्तीची आणते, असं शाहीन सांगत होती. गंगाधर भावोजी महिन्यातून एकदा येतात आणि चहा घेऊन जातात. नांदेडच्या डॉक्टरांनी पेरूच्या दिवसांत त्यांच्याबरोबर पिशवी पाठवली होती. मी खाल्ले.

गेल्या महिन्यात मला थकवा वाटत होता. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं, तसा मी दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी फॉर्म पुढे ओढला, माझ्याकडे पाहिलं आणि दोनच चौकोनांत खुणा केल्या. रिपोर्ट एका पानाचा आला. त्यावर एक तारा होता. तो मी वाचला, त्यांनी वाचला, आणि लोहाच्या गोळ्या चालू केल्या.

कपाटात दोन फाइली आहेत. दिगंबरची जाड आहे आणि पूर्ण झाली आहे. अनुक्रमणिकेतला "ठीक" हा शब्द मी खोडलेला नाही, त्याच्यापुढे कार्डावरच्या तीन ओळी उतरवल्या आहेत. दुसरी माझी आहे. वाचून झाल्याशिवाय मी तिच्यात कागद लावत नाही.